जरा वाकून बघा

आमच्या ठाण्यात गोखले रोडपासून जांभळी नाक्यापर्यंत लेगिंगच्या कुठल्याही दुकानात जा, दोन पाट्या हमखास दिसतात. पहिली : 'लेगिंगला ट्रायल नाही.' दुसरी : 'घेतलेला माल बदलून मिळणार नाही.' म्हणजे आधी घालून बघायची नाही आणि मागाहून तक्रार करायची नाही. आमच्या आजीच्या पिढीची लग्नं नेमकी याच दोन अटींवर झाली. फरक एवढाच, की 'स्ट्रेचेबल आहे ताई, सगळ्यांना होते' असं आजीला कोणी सांगितलं नव्हतं.

"अहो, पण बसेल की नाही ते कळणार कसं?" मी दुकानदाराला विचारलं.

"गळ्याला लावून बघा ताई."

हे गळ्याचं शास्त्र रस्त्यावर जीन्स घेणाऱ्यांना पाठ असतं. बटण लावलेली पँट कंबरेला धरायची आणि गळ्याभोवती गुंडाळायची. दोन्ही टोकं मानेमागे टेकली तर पँट बसणार. गळा कंबरेच्या निम्मा असतो, असं त्यामागचं गृहीत. ते मांडणारा माणूस विशीतला आणि शिडशिडीत असणार. माझ्या गळ्याचा आणि कंबरेचा हिशेब बाळंतपणात बिघडला, तो आजतागायत जुळलेला नाही. त्यात लेगिंगला इलॅस्टिक. ती माझ्या गळ्याला बसली. मग दुकानदाराने ती स्वतःच्या गळ्याला लावली, तर त्यालाही बसली. "बघा, म्हटलं नव्हतं?" तो म्हणाला आणि बिल फाडलं.

आता या वयात मला लेगिंग कशाला हवी, तर डॉक्टरांमुळे. माझे रिपोर्ट उलटेपालटे करत त्यांनी विचारलं, "व्यायाम?"

"रोज तलावपाळीला फेऱ्या मारते."

"आणि फेऱ्या झाल्यावर?"

तलावपाळीपासून मामलेदार मिसळ फार लांब नाही, आणि डॉक्टरही पक्के ठाणेकर. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं, की पन्नाशी जवळ आली की बायकांची हाडं विरळ होऊ लागतात, स्नायू झिजतात, नुसतं चालून भागत नाही, वजनं उचला. मी म्हटलं, गव्हाचा डबा, गॅसचा सिलिंडर, घरातलं सगळं मीच तर सरकवते.

"सरकवू नका," ते म्हणाले. "उचला."

म्हणून सोसायटीच्या जिममध्ये नाव घातलं आणि पहिल्या दिवशी चांगला इस्त्रीचा पंजाबी ड्रेस घालून गेले. ट्रेनर पंचविशीचा, अतिशय नम्र मुलगा. त्याने आधी माझी ओढणी ट्रेडमिलपासून लांब नेऊन ठेवली आणि मग सलवारीकडे बघत चाचरत म्हणाला, "मॅम, उद्यापासून जरा फिटिंगचं काहीतरी घालाल का? मला तुमचे गुडघे दिसले पाहिजेत."

लग्नाला पंचवीस वर्षं होत आली, पण माझ्या गुडघ्यांत एवढा रस कोणी दाखवला नव्हता. अर्थात त्याचा मुद्दा रास्त होता. स्क्वॉट मारताना गुडघे आत झुकतात की पावलांच्या रेषेत राहतात, हे त्याला बघायचं होतं. आणि पतियाळा सलवारीत गुडघे नेमके कुठल्या मजल्यावर आहेत, हे मलाही सांगता येत नव्हतं.

घरी कुर्त्याखाली घालायच्या सुती लेगिंगची चळत होती. त्यातलीच एक चढवली. ९५ टक्के कापूस आणि ५ टक्के लायक्रा, असं तिच्या लेबलवर छापलेलं. ऑफिसात खुर्चीवर बसायला ही जात उत्तम. पण कापूस घाम पितो आणि मग सोडायला तयार नसतो. दहा मिनिटांत लेगिंग मांड्यांना चिकटली, अर्ध्या तासात घोट्यांशी गोळा झाली आणि तासाभरात गुडघ्यांवर तिला दोन फुगे आले. घरी येऊन मी ताठ उभी राहिले, तरी माझी लेगिंग गुडघ्यात वाकलेलीच.

"आई, ती कुर्त्याखालची गं!" मुलगी फोनवर किंचाळली. ती बंगळुरूला नोकरी करते आणि आमच्या घरातला आहार, व्यायाम आणि त्वचा ही तिन्ही खाती तिकडून सांभाळते. "जिमची वेगळी असते."

"वेगळी म्हणजे काय?"

या प्रश्नाच्या उत्तरात गॅसवरची भेंडी करपली. लेगिंग हाय-वेस्ट हवी. फोर-वे स्ट्रेच हवी, म्हणजे आडवी ताणली जाते तशी उभीही ताणली गेली पाहिजे. नायलॉन आणि स्पॅन्डेक्सची घेतलीस तर मऊ. पॉलिएस्टर आणि स्पॅन्डेक्सची स्वस्त, टिकाऊ, पण घामाचा वास धरून बसते. शिवण फ्लॅटलॉक हवी, नाहीतर मांड्या सोलवटतील. जीएसएम विचार, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. दोनशेच्या फार खाली गेलीस तर पातळ निघेल. आणि गसेट आहे ना, ते आधी बघ.

गसेट म्हणजे दोन पायांच्या मध्ये बसवलेला पतंगाच्या आकाराचा तुकडा. त्याने मांड्या फाकवताना शिवणीवर ताण येत नाही. आमचे टेलरकाका हाच तुकडा आयुष्यभर पायजम्यांना लावत आले, त्याला मियानी म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. लेगिंगवाले त्याचा स्वतंत्र फोटो छापतात.

"आणि सगळ्यांत महत्त्वाचं," मुलगी म्हणाली, "स्क्वॉट-प्रूफ आहे का बघ."

वॉटरप्रूफ आणि फायरप्रूफ ऐकून होते. हे नवीन संकट होतं. तर त्याचं असं, की खाली बसताना मागचं कापड ताणतं, ताणलं की विरळ होतं, आणि विरळ झालं की मागे उभ्या असलेल्यांना तुमच्याविषयी नको तेवढी माहिती मिळते. म्हणून विकत घेण्याआधी कापड दोन्ही हातांनी ताणायचं आणि उजेडात धरायचं. पलीकडचं दिसलं की नापास.

तेव्हापासून मी दुकानात गेले की ट्यूबलाइटखाली उभी राहून लेगिंग ताणू लागले. एका दुकानदाराने शेवटी हात जोडले. "मॅडम, तुम्ही घेणार की नुसतं कापड सैल करून जाणार?"

दिवाळीत न्यू जर्सीची नणंद आली. तिला ही बातमी पोचलेलीच होती. बॅगेतून तिने एक लेगिंग काढली, इतक्या अलगद की मला आधी वाटलं देवासाठी काही आणलंय.

"वहिनी, हात लावून तर बघ. अंगात घातलीय असं वाटतच नाही."

"वाटतच नाही, तर घालायची कशाला?" सासूबाईंनी जपमाळ न थांबवता विचारलं.

किंमत डॉलरमध्ये होती तोवर सगळं ठीक होतं. मग नवऱ्याने गुणाकार केला. तो आकडा कळल्यावर त्या लेगिंगमध्ये घाम गाळायची माझी छाती होईना. ती घालून मी फक्त स्ट्रेचिंग करते, तेही पंख्याखाली.

पण एक गोष्ट नणंदेने सांगितली ती मनाला फार दिलासा देऊन गेली. मार्च २०१३ मध्ये लुलुलेमन नावाच्या कॅनडातल्या बड्या कंपनीला काळ्या योगा-पँटी दुकानांतून परत बोलवाव्या लागल्या. कारण एकच : आरपार दिसत होतं. बायकांच्या पँटींचा तब्बल १७ टक्के माल होता तो. एवढी मोठी कंपनी, प्रयोगशाळा, तपासनीस, आणि तरी हे कसं सुटलं, असं विचारल्यावर कंपनीच्या प्रमुख बाईंनी सांगितलं, की हा दोष ओळखायचा एकच मार्ग आहे : पँट घालायची आणि वाकायचं. म्हणजे जी गोष्ट माझी मुलगी भेंडी करपेपर्यंत सांगत होती, तीच त्या बाईंनी गुंतवणूकदारांना सांगितली. शेअर बाजारात वाकण्याला इतकं महत्त्व असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

या सगळ्या ताणाताणीचं मूळ मात्र अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यातल्या वेन्सबरो गावात आहे. तिथे ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने १९५८ साली एक धागा तयार केला. ओढला की पाचसहा पट लांबणारा आणि सोडला की मुकाट आपल्या जागी येणारा. घरोघरी असा एखादा माणूस असतोच, पण असा धागा नवाच. हाच स्पॅन्डेक्स, त्याचं कंपनीने ठेवलेलं नाव लायक्रा. पण शिव्हर्स काही व्यायाम करणाऱ्या बायकांची सोय बघत नव्हते. तिकडच्या बायका तेव्हा पोट आत दाबायला गर्डल नावाचा आवळपट्टा घालत. त्यात रबर असे. ते जड, उकडणारं आणि काचणारं. त्या रबराला पर्याय म्हणून हा धागा.

पुढे बायकांनी गर्डल फेकून दिले आणि धागा मोकळा झाला. तो पोहायच्या कपड्यांत शिरला, सायकलवाल्यांच्या चड्ड्यांत शिरला, आणि १९८२ साली जेन फोंडाच्या व्यायामाच्या व्हिडिओ कॅसेटी घरोघर पोचल्या तेव्हा तर अमेरिकेचे दिवाणखाने चकचकीत पायांनी भरून गेले. इथवर स्त्रीमुक्तीची गोष्ट म्हणून छान आहे. पण आता माझ्यासमोरच्या लेगिंगच्या पाकिटावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं : 'टमी कंट्रोल'. म्हणजे गर्डल फेकून दिला होता ना, त्याला खाली दोन पाय जोडले, वर 'कम्प्रेशन' लिहिलं आणि दुप्पट किमतीला परत आमच्या गळ्यात मारला. गळ्याला लावून बघा म्हणतात ते उगीच नाही.

टमी कंट्रोलही मी घालून बघितली. पोट आत गेलं हे खरं. पण पदार्थ नष्ट होत नाही, फक्त जागा बदलतो, हे शाळेत शिकवलेलं होतं. आत गेलेलं पोट वरच्या अंगाने बाहेर आलं आणि पट्ट्याच्या काठावर येऊन बसलं. बरगड्यांशी काहीतरी नवीन दिसतंय, असं नवराही म्हणाला. शिवाय त्यात उभं राहता येतं आणि बसता येतं, पण श्वास यांपैकी कुठल्याही एकाच वेळी घेता येतो. लेगिंगच्या पाकिटावर घाम सुकणार, वास येणार नाही, खिसा आहे, आरपार दिसणार नाही, अशी सतरा आश्वासनं असतात. श्वास घेता येईल, असं मात्र कोणी लिहून देत नाही.

मग म्हटलं, ऑनलाइन मागवू. तिथे बदलून तरी मिळते. पण तिथे मापांचा तक्ता असतो, आणि तक्त्याखाली सूचना : 'कंबर जिथे सर्वांत बारीक असेल तिथे टेप लावा.' अशी जागा शोधायला आम्ही दोघं बसलो. नवरा टेप घेऊन माझ्याभोवती फिरत होता.

"इथे?"

"थोडं वर."

"इथेही तेवढीच आहे."

"मग खाली बघ."

"तिथे जास्त आहे." थोडा वेळ शांतता. "आपण सरासरी काढायची का?"

"तू फक्त आकडा वाच."

"आधी श्वास सोड."

"श्वास सोडूनच उभी आहे मी."

"बरं," तो म्हणाला आणि त्याने जो आकडा वाचला, तो सेंटीमीटरमध्ये आहे असं मी आजही मानते.

त्या आकड्यावर एका कंपनीने मला मीडियम म्हटलं. त्या कंपनीविषयी मला अतोनात जिव्हाळा वाटू लागला. दुसऱ्या कंपनीने त्याच आकड्यावर थ्री-एक्सएल सांगितलं. अशा कंपनीचं कापड चांगलं असूच शकत नाही. बायका नवी लेगिंग घरी आणल्यावर आधी कंबरेची लेबलं कापून टाकतात, ती टोचतात म्हणून, असं आम्ही सांगतो. ती खरंच टोचतात, पण कातडीला नव्हे.

मापांच्या या गोंधळाचं एक शास्त्रीय कारणही आहे. आपल्याकडच्या कपड्यांचे तक्ते बरेचसे परदेशी मापांवरून उचललेले. म्हणून निफ्ट या राष्ट्रीय फॅशन संस्थेने 'इंडिया साइज' नावाचा प्रकल्प हाती घेतला : देशातली सहा शहरं, १५ ते ६५ वयाची २५ हजारांवर माणसं आणि त्यांची थ्रीडी स्कॅनरने घेतलेली मापं. सहा शहरांत मुंबई आहे, ठाणे नाही. लोकलमध्ये आम्हाला जसं मोजलं जात नाही, तसंच इथेही. त्यामुळे देशाचा तक्ता तयार झाला तरी ठाण्याच्या कंबरेचं काय, हा प्रश्न उरतोच.

मीडियम म्हणणाऱ्या कंपनीची लेगिंग आली. आता वाकून बघण्याची परीक्षा. यात अडचण अशी, की वाकणारी आणि बघणारी एकच व्यक्ती असू शकत नाही. आरशाकडे पाठ करून, वाकून, दोन पायांमधून आरशात बघण्याचा प्रयत्न मी केला. डोक्यात इतकं रक्त उतरलं की काही दिसलं असतं तरी कळलं नसतं. शेवटी पेपर वाचणाऱ्या नवऱ्याला उठवलं, खिडकीचा पडदा बाजूला केला आणि उजेडाकडे पाठ करून वाकले.

"दिसतंय का?"

"काय?"

"काही दिसतंय का ते सांग."

नवऱ्याने चष्मा लावला. इतक्या वर्षांच्या संसारात 'मी यात जाड दिसते का'पासून 'आज काय वेगळं दिसतंय सांग'पर्यंत अनेक परीक्षा त्याने दिल्यात. या प्रश्नाचं बरोबर उत्तर 'हो' आहे की 'नाही', याचा अंदाज घेत तो बराच वेळ थांबला.

"छान आहे," तो जपून म्हणाला.

"छान काय? मी वाकलेय इथे. नीट बघून सांग."

"म्हणजे, डिझाइन छान आहे. बारीक बारीक फुलं."

"लेगिंग काळी आहे."

"हो, पण फुलं..."

त्या लेगिंगला फुलं नव्हती. फुलं कुठली होती हे आम्हा दोघांना एकाच क्षणी कळलं आणि त्याने पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. मीडियम म्हणणारी कंपनी मनातून उतरली.

त्यानंतर मॉल. तिथे ट्रायल घेऊ देतात, पण ट्रायल रूम एवढी, की तिच्यात आत तरी जाता येतं किंवा वाकता तरी येतं. अंगाला घट्ट बसणारी लेगिंग अशी सहज चढत नाही. आधी पाय घालायचा आणि तळव्यापर्यंत पोचायचं. मग वर ओढायची. गुडघ्याशी ती थांबते. तिथे थोडी विश्रांती. मग एका पायावर उड्या मारत मांडीपर्यंत. मग दुसरा पाय, तोवर पहिल्या पायाची खाली आलेली असते. शेवटी दोन्ही हातांनी पट्टा धरून एक मोठी उडी. माझं डोकं खुंटीला लागलं, खुंटीवरची पर्स खाली पडली आणि पर्समधली सुटी नाणी दाराखालून बाहेर गडगडत गेली.

"मॅडम, सगळं ठीक आहे ना?" बाहेरून सेल्सगर्लचा आवाज.

"हो. साइज जरा..."

"मोठी देऊ?"

"नको. ही काढायला मदत हवीय."

घालताना निदान शरीर सुकं असतं. काढताना घामाने ओलं झालेलं असतं. माझ्या मते जिमची खरी सत्रं ट्रायल रूममध्येच घ्यावीत. हृदयाचे ठोके तिथे जितके वाढतात तितके ट्रेडमिलवर आजवर वाढलेले नाहीत.

तरीही कशीबशी चारदोन निवडून आणली. तर त्यांची सेवा निराळीच. उलटी करून, गार पाण्यात धुवायची. फॅब्रिक सॉफ्टनर वर्ज्य. त्याचा थर बसून घाम शोषणं बंद होतं. ड्रायर नको, इस्त्री नको, कडक ऊन नको. उष्णतेने स्पॅन्डेक्सचा जीव जातो. आमच्या घरात एवढी पथ्यं फक्त गावच्या मामांसाठी पाळली जातात. आणि वाळत घातल्यावर एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. अंगातून निघालेली लेगिंग आकसून इतकी एवढीशी होते, की ती आपण घातली होती यावर आपलाच विश्वास बसत नाही. समोरच्या गॅलरीतल्या काकूंनी दोरीकडे बघत मला प्रेमाने विचारलं, "नात आली वाटतं?"

माझी मुलगी अजून लग्नाला तयार नाही. हे सांगितल्यावर विषय तिच्या लग्नाकडे वळला आणि लेगिंग वाळेपर्यंत संपला नाही.

मध्येच टमी कंट्रोलवाली गायब झाली. दोरीवर नाही, कपाटात नाही. डिसेंबरात सासूबाई महिला मंडळाबरोबर महाबळेश्वरला निघाल्या तेव्हा जिन्यात त्यांनी साडी जरा वर उचलली आणि खाली घोट्यापर्यंत काळं काही चमकलं.

"आई, ही माझी..."

"फार उबदार आहे गं," त्या म्हणाल्या. "आणि कंबरेला कसा छान आधार मिळतो. गुडघ्यांनाही. कुठून घेतलीस?" ज्या बाईंनी लेगिंगसाठी ना टेप लावली, ना वाकून बघितलं, त्यांनाच ती अंगासरशी बसली.

इतकं सगळं करून मी एकदाची सर्व परीक्षा पास झालेली लेगिंग घालून जिममध्ये गेले. मांडीवर फोनचा खिसा, पाठीमागे पट्ट्यात किल्लीचा चोरखिसा. ट्रेडमिल सुरू झाली. चौथ्या-पाचव्या मिनिटाला फोनच्या वजनाने उजवी बाजू खाली येऊ लागली, म्हणून ती वर ओढली. मग डावी बाजू रुसली, तीही ओढली. स्क्वॉटला पट्टा वरून गुंडाळी होत खाली आला. वर ओढला. ट्रेनर म्हणाला, "मॅम, आर्म्सची मूव्हमेंट छान आहे." चोरखिशातली किल्ली बरोबर मणक्यावर आली होती, आणि घरी पोचल्यावर ती माझी मलाच काढता येईना. दारात उभी राहून मी शेजारच्या काकूंना बोलावलं आणि पाठ करून उभी राहिले. त्यांनी काही न विचारता किल्ली काढून दिली. त्यांनीही लेगिंग घेतली आहे, हे मला तेव्हा कळलं.

त्या जिममध्ये माझं लक्ष हळूहळू इतर बायकांकडे गेलं. सगळ्यांनी लेगिंग घातलेल्या, हाय-वेस्ट, फोर-वे, कोणाची दोन हजारांची, कोणाची तीनची. सगळ्या नवऱ्यांसमोर खिडकीपाशी वाकून आलेल्या. आणि सगळ्यांनी वरून मांडीच्या अर्ध्यापर्यंत येणारा नवऱ्याचा जुना टी-शर्ट घातलेला. एकीच्या पाठीवर पतपेढीचं रौप्यमहोत्सवी बोधचिन्ह, एकीच्या पाठीवर कुठल्याशा मॅरेथॉनचा नंबर, माझ्या पाठीवर 'सेफ्टी फर्स्ट'. ज्या भागासाठी एवढं जीएसएम, एवढं गसेट, एवढा उजेड, तो भाग सगळ्यांनी व्यवस्थित झाकून ठेवला होता. त्या टी-शर्टखाली आम्ही चट्ट्यापट्ट्याचा लेंगा घातला असता, तरी कोणाला पत्ता लागला नसता.

पलीकडे पुरुषांचा विभाग. तळमजल्यावरचे काका, वय साठीच्या पुढे. बर्म्युडा अशी, की तिचा मूळ रंग कोणता यावर सोसायटीत दोन मतं आहेत. नाडी बाहेर लोंबतेय, मागे इलॅस्टिक सुटलंय. काका आरशासमोर उभे राहतात, स्वतःकडे समाधानाने बघतात आणि पायाच्या अंगठ्यांना हात लावायला बिनधास्त वाकतात. त्यांनी घरी कधी कोणाला मागे उभं करून 'दिसतंय का?' विचारलं नसणार. विचारलं असतं तर आम्हा सगळ्यांवर उपकार झाले असते.

आता घरात बाद लेगिंगचा ढीग झाला आहे. लेगिंगचं वैगुण्य हे, की ती सैल होते, विटते, मनातून उतरते, पण फाटत नाही. म्हणून बोहारणीला हाक मारली. ती जिन्यात उकिडवी बसली, बोचकं बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "काय हाय? जरीची साडी? साहेबांच्या पँटी?"

मी लेगिंग पुढे केल्या. तिने एकेक उचलली. आडवी ताणली, उभी ताणली, शिवण उलटून बघितली, दाराच्या उजेडात धरली, नाकाला लावली. माझ्या मुलीने फोनवर भेंडी करपेपर्यंत जे सांगितलं ते हिने एका मिनिटात उरकलं.

"ह्यो नायलॉन. पाणीच पीत न्हाई. पोतेरं बी व्हनार न्हाई याचं."

"अगं, भारीतली आहे ती. स्क्वॉट-प्रूफ."

"आसंल," ती म्हणाली आणि बाजूला टाकली. शेवटी एकीवर तिचा हात थांबला. "ही चालंल. गुडघं बसल्यालं न्हाईत."

गुडघे बसले नव्हते, कारण ती घालून मी जिमला गेलेच नव्हते. पण हे भाव करताना सांगायचं नसतं. मला टब हवा होता. ती एक मग देते म्हणत होती. घासाघीस चांगली पंधरा-वीस मिनिटं चालली, आणि तेवढा सगळा वेळ ती सहावारी साडीत उकिडवी बसून होती. टाचा जमिनीला टेकलेल्या, पाठ सरळ, गुडघे बरोबर पावलांच्या रेषेत. आमचा ट्रेनर ज्यासाठी माझ्यापुढे रोज हात जोडतो, ते ती बोलता बोलता करत होती. मग बोचकं डोक्यावर घेऊन, हात कुठेही न टेकता, ती सरळ उठली. मी खुर्चीचा हात धरून उठले.

टब नाही मिळाला, मगही नाही मिळाला. एका लेगिंगला प्लॅस्टिकची चहाची गाळणी, यापुढे ती सरकेना. घेतली. सवयीने आधी उजेडात धरून बघितली. पलीकडचं सगळं स्वच्छ दिसत होतं. घरात आलेल्या वस्तूंपैकी हिच्याच बाबतीत मी ते चालवून घेतलं आहे.